कांद्याच्या जाळीतला साबण

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या पेपरात एका आजोबांचं पत्र आलं होतं. शाळेत सारखे हात धुवायला लावतात म्हणून नातवाचे हात सोलवटले, शाळांनी हे खूळ आवरावं, असं त्यांचं म्हणणं. शेवटी त्यांनी लिहिलं होतं की आम्ही मातीच्या हातांनी भाकर खाल्ली, आम्हांला काही झालं नाही. त्यांचा राग मला कळतो. असेच सोलवटलेले हात माझ्याही टेबलावर एका आईने आणून ठेवले होते, आणि ते तसे व्हायला मी कारण होते. पत्र थोडं लांबलं आहे. काटछाट करायला हरकत नाही, फक्त साबणाचा भाग तेवढा ठेवा.

मी निफाड तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. माहेर वेंगुर्ल्याकडचं, त्यामुळे थंडी म्हणजे काय हे मला इथे येऊनच कळलं. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर पारा चार-पाच अंशांवर उतरला की आपल्याकडे पहिल्या पानावर बातमी येते, द्राक्षबागांत पेटवलेल्या शेकोट्यांचा फोटो येतो. त्याच सकाळी आमची मुलं परिपाठाला ओळीत उभी असतात. गाल उललेले, ओठ फुटलेले, हात पाठीमागून पांढरे फटक. 'उलणं' हा शब्दही मी इथेच शिकले. कोरडी जमीन उलते, तसं थंडीनं अंग उलतं. डॉक्टरांच्या भाषेत याला लांबलचक नाव असेल, पण इतका नेमका शब्द मला दुसरा माहीत नाही.

तीन वर्षांपूर्वीच्या जानेवारीतली गोष्ट. दुसरीतला एक मुलगा खिचडी खायचा बंद झाला. ताट घ्यायचा, शेजारच्याला द्यायचा. मला वाटलं पोट बिघडलं असेल. चौथ्या दिवशी त्याची आई बागेतून थेट शाळेत आली. डोक्याला स्कार्फ तसाच. तिने त्याचा हात माझ्या हजेरीवर ठेवला आणि म्हणाली, "बाई, हे बघा. उलून रक्त आलंय. घरी पाणी लावू देत नाही. तुम्ही दिवसातून किती वेळा धुवायला लावता?"

मी हात बघितला. बोटांच्या सांध्यांवर आडव्या चिरा, त्यांत वाळलेलं रक्त. मनगटाच्या वर कातडी नीट होती, जणू हातमोजा काढावा तशी खाली रेघ मारून सगळं रखरखीत झालेलं. तो खिचडी का खात नव्हता तेही तेव्हाच कळलं. तिखटमिठाचा हात त्या चिरांना झोंबायचा. बिचारा कुणाला सांगत नव्हता, कारण मागच्या आठवड्यात 'आमच्या वर्गाचे स्वच्छता दूत' म्हणून मीच त्याला बिल्ला लावला होता.

आता माझी हुशारी सांगते. शाळेत चौऱ्याऐंशी मुलं आणि चार नळ. सुट्टा साबण ठेवला की मातीत पडतो, गटारीत जातो, नाहीतर कुणाच्या तरी दप्तरातून घरी जातो. म्हणून मी कपडे धुवायच्या साबणाची वडी आणायची, दोऱ्याने तिचे चार तुकडे करायचे आणि एकेक तुकडा कांद्याच्या लाल जाळीत बांधून नळाला टांगायचा. लासलगाव इथून जवळ, जाळीला तोटा नाही. वडी स्वस्त, लवकर विरघळत नाही, फेसही भरपूर. केंद्रप्रमुखांनी कौतुक केलं, शेजारच्या दोन शाळांनी उचललं. मुलं तर जाळीसकट साबण हातावर खसाखसा घासायची, आणि मी 'शाब्बास' म्हणायची.

त्या मुलाला घेऊन मी त्याच्या आईबरोबर प्राथमिक आरोग्य केंद्रात गेले. तिथल्या डॉक्टर मॅडमनी हातापेक्षा आधी साबणाची चौकशी केली. वडी म्हटल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला. म्हणाल्या, भांडी आणि कपडे धुवायचा साबण तेलकटपणा काढायला बनवलेला असतो, त्यात सोडा असतो. कातडीला स्वतःचं तेल लागतं, ते हा साबण ओढून घेतो. कातडी किंचित आम्लाकडे झुकलेली असते, तिचा सामू (आम्ल-अल्कलीचं माप, सातच्या खाली आम्ल, वर अल्कली) पाचच्या आसपास. अंगाचा साधा साबणही नऊ-दहाच्या घरात असतो, वडी त्याहून वर. दिवसातून एकदा आंघोळ केली तर कातडी सावरून घेते. पाच-सहा वेळा वडी, वर थंड कोरडा वारा, मग ती सावरणार कधी?

घरी येताना मी त्या आईला हे माझ्या भाषेत सांगितलं. आपण जमीन सारवतो, ते सारवण म्हणजे कातडीचं तेल. रोज झाडलं, पुसलं आणि सारवलंच नाही, तर जमिनीचे पोपडे निघतात आणि भेगा पडतात. पुसणं चुकीचं नाही, सारवणं राहून गेलंय. ती म्हणाली, "मग सारवा की." हे मला लागलं, कारण खरंच होतं. भिंतीवर सरळ, उलट, मूठ, अंगठा, नखं, मनगट अशा सगळ्या पायऱ्या मी स्वतः रंगवून घेतल्या आहेत, आणि मनगटापाशी चित्रं संपतात. धुतलेल्या हाताचं पुढे काय करायचं ते कुठेच नाही.

आजोबांना मला इथे थोडं अडवायचं आहे. हात धुणं कमी करा, हे मी म्हणणार नाही. मातीच्या हातांनी भाकर खाल्लेल्यांपैकी जे राहिले ते आज पत्र लिहितात, एवढंच मी म्हणेन. साबणानं हात धुण्यानं मुलांतली हगवण साधारण तीस टक्क्यांनी कमी होते, असं निरनिराळ्या देशांतल्या अभ्यासांची एकत्र तपासणी केल्यावर दिसलेलं आहे. आणि आमच्याकडे तर आणखी एक कारण आहे. द्राक्षाच्या ऑक्टोबर छाटणीनंतर बागेत औषधांच्या फवारण्या सुरू होतात. आई घडांच्या विरळणीला, नाहीतर ते औषधात बुडवायला गेली की पोरं बांधावर खेळतात, पानं ओढतात, मणी तोंडात टाकतात. त्या हातांनी खिचडी खाऊ देऊ? मला ते धाडस नाही.

तेव्हा धुणं तेवढंच ठेवलं, बाकी सगळं बदललं.

जाळ्या त्याच दिवशी काढल्या. वडीच्या जागी अंगाचा साधा साबण आणला, कमी वासाचा, ग्लिसरीनवाला. काही पालकांनी सुचवलं की जाहिरातीतला जंतू मारणारा घ्या. मॅडमना विचारलं, तर त्यांनी सांगितलं की अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१६ साली ट्रायक्लोसानसह १९ घटक अशा साबणांतून काढायला लावले, कारण साध्या साबण-पाण्याहून ते सरस आहेत हे कंपन्यांना दाखवता आलं नाही. आपण त्याचे जास्तीचे पैसे कशाला मोजायचे? साबण जंतूंना मारण्यापेक्षा मुख्यतः मळाबरोबर सोडवून पाण्यात घालवतो. काम पाण्याचंही आहे.

आणि तिथेच आमची दुसरी गोची होती. बोअरचं पाणी जड. साबणाला फेस येत नाही म्हणून मुलं आणखी साबण लावतात, आणि मग तो बुळबुळीत थर बोटांच्या बेचक्यात राहून जातो. मागे रांग, पुढे खिचडीचा वास, कोण नीट धुणार? मी शिटी घेऊन नळापाशी उभी राहिले तेव्हा दिसलं की मुलं साबण मन लावून लावतात आणि पाणी नुसतं दाखवल्यासारखं घेतात. आता नियम असा आहे: साबण लावताना बेचा पाढा सावकाश, 'बे एके बे'पासून 'बे दाहे वीस'पर्यंत, आणि धुताना तीनचा. पहिलीच्या मुलांचा तीनचा पाढा त्या वर्षी दिवाळीआधीच पाठ झाला, हा वरचा फायदा. अंगठी, दोरे, राख्या असतील तर त्या सरकवून खालची जागा धुवायची. एका मुलीच्या बोटावर पितळी अंगठीखाली अंगठीएवढंच गोल चट्टं उठलं होतं.

काही आया म्हणाल्या, गरम पाणी द्या, चुलीवर पातेलं ठेवू. मायेनं म्हणत होत्या, पण कढत पाणी तेल आणखी ओढतं आणि त्यानं हात जास्त स्वच्छ होतात असंही नाही. टाकीचं पाणी दुपारपर्यंत उन्हाने कोमट होतंच. तेवढं पुरतं.

मग पुसणं. ओले हात घेऊन मुलं काय करतात, तुम्ही कधी पाहिलंय? झटकतात, चड्डीला पुसतात, नाहीतर मैदानात पळत सुटतात आणि वाऱ्यानं वाळवतात. त्या वाऱ्यानंच तर हात उलतात. एका आजीने जुन्या धोतराचे चौकोनी तुकडे शिवून दिले. प्रत्येकाच्या गळ्यात एक, शनिवारी घरी धुवायला. घासायचं नाही, टिपायचं. 'टिपकागदासारखं' असं मी म्हणायला गेले आणि लक्षात आलं, या मुलांनी टिपकागद पाहिलेलाच नाही. मग 'आई भाकरीवरचं पाणी कसं हाताने अलगद फिरवते' असं सांगितलं. उपमा बरोबर नव्हती, पण हात हलके पडले.

राहिलं सारवण. इथे माझं माहेर कामाला आलं. आमच्याकडे मुठेल असतं. घाटावरच्या वाचकांसाठी सांगते: उन्हाळ्यात रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडले की साल आमसुलांना जाते आणि बिया वाळवतात. त्या फोडून आतला गर कुटायचा, पाण्यात उकळायचा. वर तेल येतं, ते गार झालं की थिजतं. मग मुठीत दाबून त्याचे लांबट गोळे करतात, म्हणून मुठेल. गोव्याकडे भिरंडेल म्हणतात. दुकानात कोकम बटर म्हणून डबीत मिळतं आणि किमतीत त्या इंग्रजी नावाचेही पैसे असतात. मी या थंडीत नवीन आले तेव्हा माझ्या टाचांना बोट जाईल एवढ्या भेगा पडल्या होत्या, आणि आई फोनवर एकच सांगायची, "पायाक मुठेल चोळ गो." मी सुशिक्षित, मी क्रीम विकत आणायची. एक हिवाळा पैसे घालवल्यावर मुठेल चोळलं.

मॅडमना गोळा दाखवला. त्यांनी वास घेतला, नखाने खरवडून पाहिला आणि म्हणाल्या, स्वच्छ आहे, आधी मनगटावर लावून एक दिवस बघा, मग वापरा. ज्यांच्याकडे हे नाही त्यांनी साधं, बिनवासाचं व्हॅसलिन घ्यावं, त्याहून स्वस्त आणि खात्रीचं काही नाही. खोबरेल तेलही चालेल. वासाची लोशनं चिरांना झोंबतात, ती नकोत. आणि सगळ्यांत महत्त्वाचं त्यांनी हे सांगितलं की हात कोरडे ठणठणीत झाल्यावर लावून उपयोग अर्धा. टिपल्याटिपल्या, थोडी ओल असतानाच लावायचं, म्हणजे ती ओल आत कोंडली जाते.

शाळा सुटायच्या आधी शेवटचे हात धुतले की प्रत्येकाच्या हातावर हरभऱ्याएवढं मुठेल. अंगाच्या उबेनं ते लगेच पाघळतं. पहिल्या दिवशी पहिलीतल्या एकीने विचारलं, "बाई, हा पेढा आहे का?" तळव्याला कमी, हाताच्या पाठीला आणि सांध्यांना जास्त, एवढंच शिकवावं लागलं, कारण मुलं तळवे चोळून मोकळी होतात आणि उलतं ते मागून.

त्या मुलाला मॅडमनी रात्रीचं वेगळं सांगितलं होतं. झोपताना जाडसर थर लावायचा आणि वर जुने सुती पायमोजे हातांत घालायचे. आईने सांगितलं की पहिल्या रात्री त्याने दोन्ही मोज्यांची कुत्री करून धाकट्या बहिणीला भुंकून दाखवलं आणि अकरापर्यंत कुणाला झोपू दिलं नाही. आठव्या दिवशी त्याने खिचडी मागून घेतली. चिरा भरायला आणखी पंधरवडा गेला.

हे सगळं नुसत्या तेलानं भागतं असा समज मात्र नको, मीही त्यात एकदा फसले. तिसरीतल्या एकीचे हात मुठेलाने सुधरेनात. बोटांच्या बेचक्यात बारीक पुळ्या, रात्री खाज, आणि घरात दोन भावंडं तशीच खाजवणारी. ती खरूज निघाली. सगळ्या घराला एकदम औषध लावावं लागलं, कपडे-अंथरुणं धुवावी लागली. तसंच चिरेतून पू आला, पिवळी खपली धरली, किंवा कातडी लाल होऊन ठणकू लागली, तर घरगुती काही न करता दवाखाना गाठावा. आणि मेडिकलमधून विचारून आणलेली ट्यूब लहान मुलाच्या हाताला लावू नये. त्यांतल्या कित्येकींत स्टेरॉइड असतं. दोन दिवसांत हात छान दिसतात, म्हणून आया महिनोन्महिने लावत राहतात आणि कातडी पातळ होत जाते. आणखी एक, पावडर. उललेले हात काळपट दिसतात म्हणून आया सकाळी तोंडाबरोबर हातांनाही पावडर फासतात. फोटोत बरं दिसतं, कातडी मात्र आणखी कोरडी पडते.

कोरोनानंतर शाळाशाळांत सॅनिटायझरचे पाच लिटरचे कॅन पडून आहेत. काही ठिकाणी नळाला पाणी नसलं की तेच हातावर ओततात. त्याला सरसकट वाईट म्हणता येणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने सॅनिटायझर बनवायची जी कृती दिली आहे तिच्यात तर ग्लिसरीन घालायला सांगितलेलंच आहे. पण चिरलेल्या हातावर ते ओतणं म्हणजे जखमेवर मीठ, आणि मातीनं भरलेल्या हाताला त्याचा उपयोग नाही.

आता पैशांचं. शंभरच्या आतल्या पटाच्या, म्हणजे ३१ ते १०० मुलांच्या शाळेला समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून वर्षाला २५ हजारांचं संयुक्त अनुदान ठरलेलं आहे आणि त्यातला निदान दहावा हिस्सा स्वच्छतेवर घालायचा आहे. तो दहावाच धरला तर अडीच हजार. आमच्या चौऱ्याऐंशी मुलांत वाटले तर मुलामागे वर्षाला तीस रुपयेही नाहीत, आणि त्यात फिनेल, झाडू, बादल्या, संडासाचं सामान, साबण सगळं. शाळा वडीच का आणतात याचं उत्तर या हिशेबात आहे. मी गेल्या वर्षी व्हॅसलिनच्या मोठ्या डब्यांची पावती लावली, तर तपासणीला आलेल्या साहेबांनी 'हे सौंदर्यप्रसाधन आहे' म्हणून ती बाजूला काढली. मी त्यांना मुलांचे हात दाखवले. त्यांनी ते बघितले, हळहळले, आणि पावती बाजूलाच ठेवली. ते पैसे मी भरले, त्याबद्दल तक्रार नाही, माझ्या चहाच्या खर्चाहून ते कमी होते. पण प्रत्येक शाळेत ते भरणारं कुणी असेल असं नाही. शिक्षण विभागाने साबणाच्या रकान्यात 'अंगाचा' हा शब्द घातला आणि खाली 'व्हॅसलिन अथवा खोबरेल तेल' एवढी एक ओळ वाढवली, तर माझ्यासारख्या हुशार बाया वड्या कापत बसणार नाहीत.

एक विनंती आपल्यालाही आहे. १५ ऑक्टोबरला जागतिक हात धुवा दिन असतो. आपले वार्ताहर येतात, नळापाशी रांगेत उभ्या मुलांचा फेसाळ हातांचा फोटो छापून येतो, आम्ही तो कापून फलकावर लावतो. ऑक्टोबरात हात चांगलेच असतात. या वेळी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात कुणालातरी पाठवा, सकाळी परिपाठाला. आणि मुलांना हात उलटे धरायला सांगा.

आपली,
एक प्राथमिक शिक्षिका
ता. निफाड, जि. नाशिक

ता. क. पत्रातल्या आजोबांच्या नातवासाठी: शाळेत कोणता साबण आहे ते आधी विचारा, आणि जाळीत असेल तर जाळी सोडायला लावा. मुठेल हवं असेल तर मे महिन्यात कोकणातून येणाऱ्या कुणालाही सांगून ठेवा. मार्चनंतर मात्र ते वर्गाच्या खिडकीत ठेवू नका. मी ठेवलं होतं. चौथीची सगळी निकालपत्रकं अजून तेलकट आहेत.